मध्यंतरानंतरची रिकामी खुर्ची

सिनेमा चांगला की भिकार, हे तुम्हाला कोण सांगतं? पेपरातला तो दोन इंचांचा फोटो, हनुवटीखाली मूठ, आणि शेजारी मोजून मापून तारे? त्याच्या भरवशावर तुम्ही ठरवता? मग जरा थांबा, हे तुमच्यासाठीच आहे.

दोन पडद्यांच्या एका थिएटरात एक बाई एकोणीस वर्षं केर काढते. सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठा असलेला तिकीट फाडणारासुद्धा. शो सुटल्यावर पुढची माणसं आत सोडेपर्यंत तिच्या हातात बारा मिनिटं असतात. तेवढ्यात तीनशे खुर्च्यांखालचा केर काढायचा आणि सांडलेलं पुसायचं. पाठ मोडते, पण सिनेमा कसा आहे ते तिला त्या बारा मिनिटांत कळतं. पडदा बघून नव्हे, जमीन बघून.

भुताचा सिनेमा खरोखर भीतीचा असेल, तर पॉपकॉर्नचा अख्खा डबा एकाच जागी उपडा पडलेला असतो. सगळीकडे सारखं सांडलेलं असेल, तर समजावं की लोक गप्पा मारत चरत होते. विनोदी सिनेमा जमला असेल तर जमीन चिकट, कारण हसताना पेयं सांडतात. लढाईच्या सिनेमात पुढच्या रांगा बघायच्या, कारण मागचे नुसतेच ओरडतात. मुलांच्या सिनेमात मुलं खुर्च्यांखाली लपाछपी खेळत सापडली, की संपला विषय. आणि प्रेमाचा सिनेमा असेल तर कोपऱ्यातल्या जोडप्यांचं मत धरायचंच नाही. ती काय पडदा बघायला आलेली असतात?

पण कधीतरी, वर्षातून दोनदा-तीनदा, जमीन स्वच्छ निघते. पाकिटं न फोडता खुर्चीवर विसरलेली असतात. मावशी तारेबिरे देत नाही. ती म्हणते, “आज सुपली हलकी आहे.” थिएटरात काम करणारे सगळे मग आळीपाळीने मागे उभे राहून तो सिनेमा बघून घेतात.

असा एक सिनेमा लागला. लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईचा. नवऱ्याचं घर सोडून आलेली, दिवसभर उभी, आणि जो तो तिला परत जा म्हणून सांगतोय. शेवटची दहा मिनिटं कुणी बोलत नाही. ती दुसऱ्यांच्या कपड्यांचा ढीग बाजूला सारते, स्वतःचा एक जोड काढते, सावकाश इस्त्री करते, घालते, दुकानाला कुलूप लावते आणि घराच्या उलट्या दिशेला चालू लागते. बस्स. पहिल्याच दिवशी मावशीची सुपली हलकी निघाली. पुढचा खेळ तिने मागे उभं राहून शेवटपर्यंत बघितला आणि ती थेट नणंदेकडे गेली.

ही नणंद स्वतः लॉन्ड्रीत इस्त्री करते. चौदा वर्षांपूर्वी तिने नवरा सोडला, तेव्हा सख्ख्या भावाने, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, तिला उंबरठ्यावरून परत पाठवायला काढलं होतं. मावशीने तिची पिशवी ओढून आत घेतली. तेव्हापासून नात्यातलं प्रत्येक तोंड नणंदेला एकच विचारतं, “परत कधी जाणार?”

“वन्सं, तुमचा सिनेमा लागलाय,” मावशी म्हणाली. “या रविवारी चला.”

“या रविवारी सुट्टी नाही गं वहिनी. पुढच्या रविवारी नक्की.”

दुसऱ्या दिवशी पेपर आला. दीड तारा. “शेवट नेहमीचाच रडका. नायिका डोळे पुसत नवऱ्याच्या घरी परतते. आणखी काय अपेक्षा ठेवणार?”

नणंदेने तो लॉन्ड्रीत वाचला. संध्याकाळी म्हणाली, “ती परत जाते म्हणे. मग मी कशाला येऊ? हेच ऐकायला तिकीट काढू?”

“नाही जात ती!”

“छापलंय वहिनी. तू आपली मला बरं वाटावं म्हणून बोलतेस.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण लिहिणारा तिला ठाऊक होता. सातव्या रांगेतली कडेची खुर्ची. थिएटरात त्याचं नाव पेपरमिंट, कारण बसला की गोळ्या चघळतो आणि कागदाला पीळ देऊन खाली टाकतो. पहिल्या भागात सहा-सात पीळ. मध्यंतरात मावशी झाडू फिरवते, तेव्हा ते उचलते. मध्यंतरानंतर? एकही नाही. खुर्ची मिटलेली. एकोणीस वर्षांत त्याच्या खुर्चीखाली दुसऱ्या भागाचा एक कागद तिला सापडलेला नाही. हा गृहस्थ शेवट घरी बसून बनवतो!

पेपर वाचून लोक यायचे थांबले. बुधवारी ती मॅनेजरसमोर उभी राहिली. “साहेब, रविवारपर्यंत राहू द्या. एक तरी खेळ ठेवा. जमीन बघा, आरसा आहे नुसता!”

“मावशी, तेच तर रडगाणं आहे,” मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाला. “आहेत ते लोकही खात नाहीत! काउंटरवरचा माणूस माश्या मारतोय. उद्या शेवटचा दिवस, परवा गाड्या उडवणारा सिनेमा लावतोय. बघा कसा केर पडतो.”

म्हणजे ज्या गुणासाठी सिनेमा ठेवायचा, त्याच गुणासाठी काढायचा. वा रे न्याय!

गुरुवारी दुपारी त्या गाड्यांच्या सिनेमाचा खास खेळ होता, फक्त समीक्षकांसाठी. मध्यंतर झालं आणि पेपरमिंट सवयीने बाहेरच्या दाराकडे निघाला. दारात मावशी, हातात झाडू. मागे दोन समीक्षक कॉफी पीत उभे.

“साहेब, त्या इस्त्रीवालीच्या सिनेमाचा शेवट काय हो?”

“कोणती इस्त्रीवाली? अहो बाई, आठवड्याला पाच सिनेमे बघतो मी.”

“अर्धे अर्धे. म्हणजे अडीच.”

कॉफीवाल्यांपैकी एकाला ठसका लागला. पेपरमिंट लाल झाला. “जाते परत नवऱ्याकडे. लिहिलंय मी.”

“बघितलंत?”

“पंचवीस वर्षं या क्षेत्रात आहे. सुरुवात बघितली की शेवट कळतो मला.”

“कळतो? माझ्या नणंदेची सुरुवात तशीच होती. चौदा वर्षं झाली, ती गेली नाही परत. आणि तुम्ही न बघता छापलंत की गेली! उद्या छापा, की शेवट मी बघितला नव्हता. एक ओळ. जास्त नको.”

“मॅनेजर कुठे आहे? बाजूला व्हा.”

“तुम्ही सांगा,” ती मागच्या दोघांकडे वळली. “काय होतं शेवटी?”

दोघेही कॉफीच्या पेल्यात असं डोकावले, जणू शेवट तळाशी लिहिलाय.

मॅनेजर धावत आला, हात जोडून पेपरमिंटला गाडीपर्यंत सोडून आला. परतल्यावर मावशीकडे न बघता म्हणाला, “उद्यापासून तुम्ही आत नाही. स्वच्छतागृहं सांभाळा.” सिनेमा उतरला. पेपरात ती एक ओळ आजवर आलेली नाही. गाड्यांना मात्र साडेतीन तारे मिळाले, “शेवट थरारक” म्हणून. त्या दिवशी तो मध्यंतरातच गेला होता, मॅनेजरने स्वतः त्याच्या गाडीचं दार लावलं होतं!

रविवारी मावशीने नणंदेला हट्टाने बोलावलं. सिनेमा नव्हता. स्वच्छतागृहाबाहेरच्या बाकावर तिला बसवलं, काउंटरवरून वेफर्सचं पाकीट आणून हातात दिलं आणि सगळा सिनेमा सांगितला. शेवटाला ती उठून उभी राहिली. हवेतला ढीग सारला, हवेतच इस्त्री फिरवली.

“कॉलर आधी,” नणंद पुटपुटली.

“तीही आधी कॉलरच करते,” मावशी म्हणाली. मग कुलूप लावलं, उलट्या बाजूला चार पावलं चालून दाखवली. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

“खरंच नाही जात?”

“आईशपथ नाही जात.”

मावशीची नजर सवयीने खाली गेली. बाकाखाली एक कण नव्हता. पाकीट नणंदेच्या मांडीवर तसंच, न फोडलेलं.

तेव्हा आता तुम्ही. पुढच्या वेळी सिनेमाला जाल, तेव्हा ते तारे घरी ठेवून जा. दारात झाडू घेऊन जी बाई उभी असेल, तिच्यासमोर क्षणभर थांबा आणि विचारा, “मावशी, आज सुपली कशी आहे?”