शेवट आधी सांगा

माझ्या आवडत्या दहा मारधाडीच्या आणि थरारक चित्रपटांची उलट्या क्रमाने यादी करावी, असे मुलीने मला सुचवले तेव्हा तिच्या मनात चित्रपट नव्हते. तिच्या आईच्या उजव्या स्तनातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी गेला होता. अहवाल यायला आठ-दहा दिवस लागतील असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि तेवढे दिवस धायरीच्या आमच्या घरात दोन माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार, हे तिला बंगळूरमध्ये बसून दिसत होते.

"बाबा, रोज संध्याकाळी एक पिक्चर. दहापासून सुरू करा आणि एकवर या, तोवर रिपोर्ट येईल," ती फोनवर म्हणाली. "आणि प्लीज, प्रत्येक सीनच्या आधी 'आता बघ हं' असं म्हणू नका. आई कंटाळते."

यादी करायला मला वेळ लागला नाही. ती माझ्या डोक्यात कित्येक वर्षांपासून तयार होती. कोणी विचारण्याचीच वाट होती.

या आवडीचे मूळ माझ्या वडिलांकडे जाते. मी विश्रांतवाडीत वाढलो. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांची चैन म्हणजे सुट्टीच्या सकाळी कॅम्पातल्या थिएटरात लागणारा इंग्रजी मारधाडीचा चित्रपट. संवाद आम्हा दोघांनाही कळत नसत. कोण चांगला आणि कोण वाईट हे आम्ही चेहऱ्यांवरून ठरवत असू आणि पुष्कळदा चुकत असू. वडिलांना फक्त बॉम्बचे प्रसंग सहन होत नसत. पडद्यावरचा नायक घामाघूम होऊन लाल वायर कापावी की निळी या विचारात पडला, की ते मोठ्याने म्हणत, "अशा रंगीत वायरी बाहेर लोंबत ठेवल्या, तर आमच्याकडे नोकरी जाते." एकदा मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, तुम्हीच जा ना पडद्यावर. आम्हीही लवकर घरी जाऊ." वडील त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत खांदे हलवत आवाज न करता हसत राहिले. आज ते नाहीत. धरण उडवायला निघालेल्या टोळीचा तो चित्रपट माझ्या यादीत दहाव्या क्रमांकावर आहे. त्याचा दर्जा पाहिला तर तो तिथेही बसू नये. वडिलांच्या हलणाऱ्या खांद्यांमुळे तो बसला आहे.

आमचे लग्न झाले ते देशाने परदेशी मालाला दारे उघडली त्या सुमारास. मला नुकतीच संगणकाच्या एका लहान कंपनीत नोकरी लागली होती, आणि आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याने छतांवरून वायरी टाकून रोज एक इंग्रजी चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती. पत्नी एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. पहिलाच थरारपट आम्ही एकत्र पाहायला बसलो आणि दहा मिनिटांत ती म्हणाली, "अहो, शेवटी कोण वाचतं?"

"अगं, ते आत्ताच सांगितलं तर मग बघायचं काय?"

"कसं वाचतात ते."

मी समजूत घालू लागलो. रहस्य, उत्कंठा, दिग्दर्शकाने रचलेली बांधणी. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "आमच्याकडे टँकर आला की आधी नमुना काढतात. रिपोर्ट हातात आल्याशिवाय दूध आत घेत नाहीत. तुम्ही मला अख्खा टँकर आत घ्यायला लावता आणि मग सांगता, नासलेलं होतं."

त्या दिवसापासून आमच्या घरात एक रीत पडली. तिने चित्रपट सुरू होण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा, कोण वाचतं. मी त्याचे एकच आणि खरे उत्तर द्यायचे. त्यानंतर ती पाय पोटाशी घेऊन जितक्या निर्धास्तपणे चित्रपट पाहत असे, तितक्या निर्धास्तपणे तो मला कधीच पाहता आला नाही. तरीही, मान्य करायला हवे, ही तिच्या रसिकतेतली उणीव आहे असे मी मनाशी बरीच वर्षे धरून चाललो होतो. शहरात मल्टिप्लेक्स आले तेव्हा तर मला संकोचही वाटे. तिची कुजबुज हळू नसते. एकदा पुढच्या खुर्चीतले गृहस्थ वळून अतिशय नम्रपणे म्हणाले, "वहिनी, शेवट आम्हालाही कळला. आता आम्ही निघालो तर चालेल ना?" ती म्हणाली, "बसा हो, कसं वाचतात ते बघा." ते बसले. मध्यंतरात त्यांनी आम्हाला पॉपकॉर्न देऊ केले.

तर त्या आठवड्यात आमची उलटी मोजणी सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी धरण वाचले. दुसऱ्या दिवशी, नवव्या क्रमांकासाठी, मी माळ्यावरून जुन्या सीडींचा खोका काढला, कारण तो चित्रपट दुसरीकडे कुठे मिळेना. दुसरी सीडी नेमकी पाठलागात अडकली. नायकाची मोटार पुलाच्या कठड्यावर अर्धी लटकून थांबली आणि पुढे सरकेना. "राहू दे," ती म्हणाली, "वाचतो ना तो? मग तिथून उतरेल आपला आपण." गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नव्हती आणि संध्याकाळीही आली नाही, म्हणून आठव्या क्रमांकाचा चित्रपट मी तिला गॅलरीत बसून तोंडी दाखवला. आधी शेवट सांगितला, मग सुरुवात. ती मटार सोलत ऐकत होती. डाव्या हाताने. उजवा हात तिने मांडीवर जपून ठेवला होता आणि मी गोळीबाराचे आवाज काढताना त्या हाताकडे बघायचे टाळत होतो.

मधल्या एका चित्रपटाला यादीत जागा मिळाली, ती त्याच्याशी जोडलेल्या आठवणीसाठी. शतक बदलताना जगातले संगणक वर्ष ओळखण्यात चुकतील अशी धास्ती होती आणि माझ्या तुकडीने ती दुरुस्ती करण्यात दोन वर्षे घालवली होती. त्या डिसेंबरात हा चित्रपट आम्ही पाहिला होता आणि तो संपल्यावर तिने विचारले होते, "तुमच्या त्या संगणकांचं काय होणार शेवटी?" मी म्हणालो होतो, "काही नाही होणार." तिने लगेच विश्वास ठेवला आणि झोपायला गेली. मला मात्र तेव्हा स्वतःची तितकी खात्री नव्हती. एक जानेवारीला खरोखरच काही झाले नाही. ज्या शेवटात काही घडत नाही, तो आमच्या धंद्यात सर्वांत यशस्वी. त्याबद्दल टाळ्या मात्र कोणी वाजवत नाही.

चौथ्या क्रमांकाला ती झोपी गेली. तिसऱ्याला खलनायकाच्या कुत्र्यासाठी रडली. "कुत्र्याचं विचारायचं राहिलं," ती डोळे पुसत म्हणाली, आणि मी तिला पुढच्या वेळेपासून कुत्रीही मोजून सांगायचे कबूल केले.

दुसऱ्या क्रमांकाच्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात चहा करत असताना माझा फोन वाजला. कागदपत्रांवर नंबर माझा होता. डॉक्टर स्वतः बोलत होत्या. मी गॅलरीत गेलो आणि दार लोटून घेतले. निदान पक्के झाले होते. कर्करोग होता, पण लवकर सापडला होता. शस्त्रक्रिया करावी लागेल, मग किरणोपचार, दोघांनी उद्या सकाळी यावे. मी "हो, हो" म्हणत राहिलो. समोरच्या इमारतीत कोणी तरी गाद्या वाळत घातल्या होत्या आणि मी त्यांवरची फुले बघत होतो.

मुलीला लगेच कळवले. ती रडली, मग सावरली. "बाबा, आज नका सांगू. मी उद्या पहाटेच्या विमानाने येते. आजची संध्याकाळ तिला शांतपणे बघू द्या."

ते मला पटले. खरे तर, पटावे अशी माझी इच्छा होती. एक कारण प्रेमाचे होते आणि दुसरे भित्रेपणाचे. त्या वेळी मी त्यातले फक्त पहिले मोजले.

पुरात बुडत चाललेल्या तुरुंगातून एका कैद्याला बाहेर काढणाऱ्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याची गोष्ट, हा माझा दुसरा क्रमांक. मी चित्रपट लावला. तिने नेहमीप्रमाणे विचारले, "कोण वाचतं?" मी म्हणालो, "दोघंही." ते खरे होते. ती पाय पोटाशी घेऊन बसली. पाणी कोठड्यांच्या गजांपर्यंत चढले, पहारेकऱ्याने किल्ल्यांचा जुडगा दातांत धरला, आणि ज्या चित्रपटातले प्रत्येक दृश्य मला पाठ आहे, त्यातले एकही दृश्य मला दिसले नाही. मी बिस्कीट हातात घेऊन बसलो होतो. ते चहात पडले. मी हसण्याच्या जागी गप्प राहिलो आणि एका माणसाला गोळी लागली तेव्हा हसलो.

श्रेयनामावली सुरू झाल्यावर तिने टीव्ही बंद केला.

"आता दुसऱ्या पिक्चरचं सांगा."

"कुठल्या?"

"तुम्ही गॅलरीत दार लावून बघितलात, तो. आपल्या घरात दार लावून फोनवर कोण बोलतं?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "शिवाय तुमचा एवढा आवडता पिक्चर, आणि एकदाही 'आता बघ हं' नाही. अहो, इतका वाईट अभिनय या नऊच्या नऊ पिक्चरांत कोणी केला नाही."

मी सांगितले. डॉक्टरांचे शब्द मला आठवत होते तसे, त्याच क्रमाने. ती ऐकत राहिली. मग रिमोटवरची बटणे अंगठ्याने पुसू लागली.

"लवकर सापडलं म्हणाल्या?"

"हो."

"शब्द तेच होते? तुमचे घातलेले नाहीत ना?"

"तेच होते."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "रिपोर्ट माझा होता. दोन तास तुम्ही तो ठेवून घेतलात. पुन्हा असं करू नका."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आले असते. मी "चुकलं माझं" एवढेच म्हणालो, आणि तिने माझ्या कपातले विरघळलेले बिस्कीट चमच्याने काढून टाकले. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की शेवट आधी विचारणारी ही बाई आमच्या घरातली सर्वांत धीट व्यक्ती होती. जे आहे ते कळू दे, मग मी बघते, एवढेच तिचे म्हणणे होते. उत्कंठा ज्याला परवडते, त्याने खुशाल तिचा आस्वाद घ्यावा. मला ती परवडत होती, कारण पुरात मी कधी उभा राहिलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसल्यावर तिने सरळ विचारले, "शेवट काय, ते सांगा."

डॉक्टर म्हणाल्या, "या टप्प्यावर सापडलेल्या पुष्कळ जणी बऱ्या होतात. तुमचं मी आज खात्रीनं सांगितलं, तर ते खोटं ठरेल."

बाहेर आल्यावर रिक्षात, माझ्या आणि मुलीच्या मध्ये बसून, ती म्हणाली, "यांनी हा पिक्चर बघितलेला नाही. पण बघितलाय म्हणून थाप मारत नाहीत. बरं वाटलं मला." मुलगी बाहेर तोंड करून रडत होती. तिने मुलीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

पुढच्या महिन्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शस्त्रक्रिया झाली, किरण झाले, थकवा आला आणि हळूहळू ओसरला. माझ्या मनात त्या काळाबद्दल कृतज्ञता आहे, हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण ती आहे. कुठल्याशा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा काळजीपूर्वक पाहणाऱ्या, मला अनोळखी असलेल्या माणसाबद्दल आहे. खोटे न बोललेल्या डॉक्टरांबद्दल आहे. दहा चित्रपटांची युक्ती काढणाऱ्या मुलीबद्दल, आणि मला अंधारात शेजारी बसवून चित्रपट पाहायला शिकवणाऱ्या वडिलांबद्दल आहे. इतकी वर्षे एक साधा प्रश्न विचारून जिने माझ्याकडून खरेच बोलून घेतले, तिच्याबद्दल तर आहेच.

पहिला क्रमांक मात्र राहून गेला होता. त्याची आठवण मी काढली नाही. गेल्या तपासणीत सारे नीट निघाल्यावर, एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर, तिनेच काढली. "अहो, तुमचा एक नंबर बाकी आहे की."

तो वडिलांबरोबर थिएटरात पाहिलेला शेवटचा चित्रपट. तोवर मला इंग्रजी कळू लागले होते आणि मी प्रत्येक संवाद त्यांच्या कानात मराठीत सांगत होतो. ते सगळे तिला सांगत मी सोफ्यावर उशी लावली. तिला उजवा हात अजून उशीवर ठेवून बसावे लागते. चित्रपट लावला. पडद्यावर धुक्यातून एक बोट येऊ लागली. ती काहीच बोलली नाही.

मी थांबलो. रिमोट माझ्या हातात होता. बोट जवळ येत होती. एवढे सगळे झाल्यावर हिला तो प्रश्न नकोसा झाला असेल का, किंवा माझ्या उत्तरावर आता हिचा भरवसा उरला नसेल का, हे मला विचारता येईना.

"थांबवा ना जरा," ती उशी सारखी करत म्हणाली. "बसू तर द्या नीट. हं. कोण वाचतं?"

मी सांगितले. कुत्र्यासकट.

"मग लावा," ती म्हणाली.