खंडेनवमीचा विसावा

आमच्या घरात एक डबा होता. मी त्याला सर्व्हर म्हणायचो, बाकी सगळे डबाच म्हणायचे. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, तिथल्या ऑफिसने टाकून दिलेला तो कॉम्प्युटर. त्यात मी तीन डिस्क बसवल्या. दोन मोठ्या. त्यांच्यावर घरातले फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ. जे एकीवर, तेच दुसरीवर. तिसरी लहान आणि जुनी, डबा चालू करणारी सिस्टीम फक्त तिच्यावर. हे सगळं मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून शिकलो होतो. पाहुणे चहाला बसले की मी डब्याबद्दल बोलायला लागायचो. पाहुणे लवकर उठायला लागले.

लोडशेडिंगचे दिवस होते. इन्व्हर्टर डब्याला आणि माणसांना पुठ्ठ्याचा वारा, अशी माझी वाटणी होती. "जे आहे ते दोनदा ठेवलंय, म्हणजे काळजी नाही," असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दोन्ही एकाच डब्यात ना?" तुला यातलं काही कळत नाही, असं म्हणून मी विषय संपवला. तिला चांगलंच कळत होतं.

त्या डब्यात खरं मोलाचं एकच होतं : दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मिनिटभराचा आवाज. कॉलेजात असताना मी नवा टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या गावी, धावड्याला, गेलो होतो. खंडेनवमीचा दिवस होता. मी बटणं दाबून पाहत होतो, तेवढ्यात दादा शेतातून तणतणत आले. कपाशीला पाणी चालू असताना विहिरीवरची मोटार कुणीतरी बंद केली होती. टेपवर त्यांचा आवाज येतो, "कोनी बंद केली मोटार? मला इचारल्याबगर बटनाला हात कोनी लावला?" मग जरा शांतता आणि एक सणसणीत चापट. ती मला. मिशी फुटलेला मी, आणि केवळ हातात बटणांचं यंत्र होतं म्हणून मार खाल्ला.

दादा गेल्यावर त्यांचा एवढाच आवाज उरला. नंतर ती कॅसेट टेपरेकॉर्डरने खाल्ली. नशीब, त्याआधी मी आवाज डब्यात उतरवून घेतला होता. दर दसऱ्याला, सोनं वाटायला बाहेर पडण्याआधी, माय डब्यासमोर बसून ते ओरडणं ऐकायची. मग आपट्याची दोन पानं स्पीकरसमोर ठेवायची आणि डोक्यावरचा पदर नीट करून उठायची.

त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या कारखान्यात पूजा झाली, सगळी यंत्रं बंद, सगळ्यांना हार. पेढे घेऊन घरी आलो तर डब्यालाही हळदीकुंकू, झेंडूचा हार, आणि डबा एकदम गप्प. मायने प्लगच उपटला होता.

"आज यंत्राला इसावा देतेत," ती म्हणाली. "तुझ्या कारखान्यात बी बंदच हाय न्हवं? मंग ह्यालाच एकट्याला काऊन राबवून राह्यला?"

चार-पाच वर्षं न थांबता फिरलेली ती जुनी डिस्क थांबली, ती थांबलीच. दसऱ्याला सकाळी बटण दाबलं तर आतून टकटक आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. माझं डोकं फिरलं. "दादांचा आवाज बंद केलास तू!" असं मी मायला म्हणालो. आपट्याची पानं तिने ताटात ठेवली आणि आत जाऊन बसली. जेवायलाही आली नाही. माझी मलाच लाज वाटली, पण ‘चुकलो’ एवढं तोंडातून निघेना. डबा उचलून मी मोटारसायकलला बांधला, हारासकट.

सणामुळे बाजार बंद होता. टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचं दुकान तेवढं उघडं होतं. त्यांनी डिस्क कानाशी धरली, हलवली, पुन्हा धरली.

"ही गेली. बिलकुल गेली," ते म्हणाले. "पन ही नुसती कुलपाची चावी. माल ह्या दोघींवर हाय."

त्यांनी एक जुनी डिस्क काढून दिली. सिस्टीम मी स्वतः टाकणार म्हणालो. कोणती डिस्क पुसायची, असं कॉम्प्युटरने विचारलं. समोर तीन नावं, आणि कोणतं कुणाचं तेच मला कळेना. चाचांनी शांतपणे दोन्ही मोठ्यांच्या वायरी उपटल्या. "आता चूक करायची म्हनलं तरी व्हनार न्हाई. जल्दी करू नका."

सिस्टीम बसली. मोठ्या डिस्क पुन्हा जोडल्या, पण त्या दिसेनात. त्यांची जोडी कशी लावायची हे मी मुद्द्यानुसार, समास सोडून, लिहून ठेवलं होतं. कुठे? त्या मेलेल्या डिस्कवर. हे कळल्यावर चाचा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, जोडीची खूण त्या दोघींच्या अंगावरच लिहिलेली असते, नुसतं शोधायला सांगा. मी सांगितलं. दोघी एकमेकींना सापडल्या.

दिवस कलायच्या आत घरी पोचलो. डबा जागेवर ठेवला, स्पीकर लावला आणि मायला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, पुढे येईना.

"कोनी बंद केली मोटार?" दादा गरजले. "मला इचारल्याबगर बटनाला हात कोनी लावला?"

नेहमीची ती शांतता आली, आणि माय म्हणाली, "म्या लावल्ता. खंडेनवमी व्हती. मोटारीला इसावा नगं का?"

लगेच स्पीकरमधून माझी चापट वाजली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. इतकी वर्षं दर दसऱ्याला ती हे ऐकायला नाही, हे बोलायला बसत होती, आणि दरवेळी तिची हिंमत होत नव्हती. "माय, मग तेव्हा का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मला बी लागली असती," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळच्या बोलण्याबद्दल मी तिची माफी मागितली. तिने आपट्याचं एक पान स्पीकरसमोर ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.