तारेखालची पत्रिका

मुलीच्या लग्नाची जी पत्रिका माझ्या चुलत सासऱ्यांना गेली, तिच्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा अंगठा उमटलेला होता. अंगठा माझाच. घरात पत्रिकांचा एवढा ढीग पडलेला असताना नेमकी तीच त्यांच्या वाट्याला कशी गेली, मला माहीत नाही. पण गेली ते फार बरं झालं.

त्या पत्रिकेनं मी गिटारच्या तारांची उंची मोजत होते.

गिटार मुलीची. विजेवर चालणारी, लालभडक. कॉलेजात असताना हट्टानं घेतलेली आणि पुण्याला नोकरी लागल्यावर कपाटावर टाकून दिलेली. नेकनूरच्या आमच्या घरात पुढं यांचं किराणा दुकान आणि मागच्या खोलीत माझं मशीन. मी ब्लाउज शिवत बसायचे आणि बाजूला पोरीची गिटार चालायची. तिनं स्वतःची एक धून रचली होती. छान वर वर चढत जायची आणि एका जागी अडायची. तिथं आली की पोरगी "मरू दे!" म्हणून गिटार गादीवर टाकायची. रोज तीच धून, रोज तेच मरू दे. मला तर बाही शिवायची सोडून ओरडावंसं वाटायचं, अगं बाई, एवढी वर गेलीस तर आता खाली तरी ये!

ती पुण्याला गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मला तिचं ते मरू देसुद्धा हवंसं वाटायला लागलं. एका दुपारी स्टुलावर चढून मी गिटार खाली काढली.

शिकले मोबाइलवर बघून. हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं, यांनी भरपूर हसून घेतलंय. धून कानात बसलेलीच होती, ती बोटांत यायला मात्र दीड वर्ष लागलं. अडण्याच्या जागेपुढचं उरलेलं मी माझ्या मनानं जुळवलं. अडचण एकच होती, डाव्या हाताचे सांधे. बोटं धरतात, जोरानं दाबलं की कळ कोपरापर्यंत जाते. आणि त्या गिटारच्या तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून चांगल्या सूतभर वर. खालच्या पट्ट्यांवर कसंबसं निभायचं, पण धून जिथं अडायची तिथं नेमकं करंगळीनं वरच्या पट्टीवर तार दाबावी लागायची. तिथं मीही अडायचे. तोंडातून मरू दे यायचं आणि मग मलाच हसू यायचं.

तशात तिचं लग्न ठरलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. हळदीला सगळ्यांदेखत मी ती धून पुरी वाजवणार आणि गिटार तिच्याबरोबर सासरी पाठवणार. लोक कपाट देतात, मिक्सर देतात. माझ्या पोरीला मी तिची धून देणार, पुरी करून. हे जमलं नाही तर आयुष्यभर चुटपूट राहील, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. म्हणजे तारा खाली आणणं भाग होतं.

गिटारच्या मानेत आत एक लोखंडी सळई असते. तारा मानेला पुढं वाकवतात, सळई तिला मागं ओढून धरते. सळईचं टोक आवळलं की मान ताठ होते आणि तारा पट्ट्यांजवळ येतात. खालच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचे बारीक स्क्रूही खाली घेता येतात. मी म्हटलं, हे तर मशीनच्या टेन्शनसारखंच आहे. एवढे दिवस भ्यायले कशाला?

मशीनचं तेल घेतलं, वाकडी चावी घेतली आणि कूलरसमोर बसले. मे महिन्यात आमच्याकडं माणूस बसतो तो कूलरसमोरच. गिटारही महिनाभर माझ्याबरोबर तिथंच होती, पाण्याची फुई खात. हे दुकानातून डोकावले.

"कावून गं, काय झालंय तिला?"

"मान वाकलीय तिची."

"मंग दवाखान्यात ने की!"

मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सळई थोडी थोडी आवळली, तार सुरात घेतली, पुन्हा आवळली. मापाला फूटपट्टी जाड पडत होती. शेजारी पत्रिकांचा गठ्ठा होता. पत्रिका मिटली की जवळजवळ अर्धं सूत भरते, आणि मला तेवढंच हवं होतं. मिटलेली पत्रिका बाराव्या पट्टीवर तारेखालून अलगद सरकेपर्यंत मी घोडीचे स्क्रू फिरवत राहिले. सरकली! आणि तार? लोण्यात बोट घालावं तशी दबली. अडायची ती जागा करंगळीनं सहज पार केली. मी उठून खोलीभर नाचले. नाचताना पत्रिका कुठं टाकली ते कळलं नाही, आणि ती परत गठ्ठ्यात गेली.

मग मुलगी रजा घेऊन आली. तिला दिसू नये म्हणून गिटार साडीत गुंडाळून परत कपाटावर गेली आणि आमची पाहुण्यांची धांदल सुरू झाली. कूलर उचलून पाहुण्यांच्या खोलीत नेला. मागची खोली पत्र्याची, त्यात कपाट उंच, आणि त्यावर माझी लाल गिटार. दोन दिवस ती तिथं वाळली. मला तिची आठवण होती, पण काळजी नव्हती. मोजून मापून ठेवलेल्या वस्तूची काळजी कशाला करायची, असा माझा थाट होता.

हळदीच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरगी पाटावर बसलेली, गालापासून कोपरापर्यंत पिवळी. बायकांची हळद लावून झाली तशी मी आत जाऊन गिटार आणि छोटा स्पीकर घेऊन आले. डोक्यावर पदर, गळ्यात पट्टा. पोरगी ओरडली, "आई! ही माझी गिटार?"

मी ऐटीत पहिली तार छेडली.

खर्रर्र.

दुसरी छेडली. खर्रर्र. कुठंही दाबा, तार पट्ट्यांना घासून नुसती करवादत होती. कोणीतरी फिस्सकन हसलं. हे मागून म्हणाले, "दोन दिस कपाटावर पडली व्हती, गंजली आसंल." माझे कान तापले. रडू येतंय की राग, कळेना. पोरगी माझ्याकडं एकटक बघत होती, आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की ती धून तिला मिळणार नाही.

मग पाठीवरून घामाचा ओघळ गेला आणि डोक्यात उजेड पडला. कूलर! ओल्या हवेत मान फुगून पुढं वाकली होती, ती मी आवळून सरळ केली होती. दोन दिवस पत्र्याखाली लाकूड वाळलं आणि आता मान मागं कलली होती. जेवढी आवळली त्यातली थोडी सोडायची, एवढंच तर काम होतं. चावी कमरेच्या किल्ल्यांतच अडकवलेली होती. राहिलं माप.

"कुणाकडं पत्रिका हाय का हो?" मी भर मांडवात विचारलं.

पुढच्या खुर्चीवर चुलत सासरे बसले होते. सगळ्या गावाला वचक असलेले. त्यांच्यासमोर मी आजवर मान वर करून बोलले नव्हते. त्यांनी खिशात हात घातला आणि पत्रिका काढली. तिच्यावर तेलाचा काळाभोर अंगठा.

"ही बग," ते म्हणाले. "मला ह्यो डाग कशाचा ते इचारायचंच व्हतं."

"मामा, माजाच हाय," मी म्हटलं, आणि पदरात तोंड खुपसून इतकी हसले की नवरीच्या आईची सगळी अब्रू तिथंच गेली. ते हसले नाहीत. पण सळई सैल करताना गिटारची मान त्यांनी धरली, आणि तारेखालून पत्रिका सरकली तेव्हा "झालं का न्हाई?" असं त्यांनीच आधी विचारलं.

झालं होतं. मोबाइलवर बघून तारा सुरात घेतल्या आणि वाजवायला लागले.

पहिल्या चार सुरांना पोरीनं ओळखलं. तिनं दोन्ही पिवळे हात तोंडावर धरले. धून चढत गेली, अडायच्या जागेशी आली, आणि ती सवयीनं पुटपुटली, "मरू दे." मी करंगळी टेकवली. तार दबली, सूर स्वच्छ आला, आणि मी पुढं निघाले, हळूहळू खाली, घरी आल्यासारखी. मध्ये एकदा चुकले. कोणाला कळलं असेल तर त्यानं माझ्याशी बोलू नये.

"हे पुढचं कुठून आणलंस?" तिनं विचारलं. तिच्या गालावरची हळद ओघळत होती.

"तुजंच व्हतं. घरात ऱ्हायलं व्हतं," मी म्हटलं.

लग्न लागल्यावर निघायच्या वेळी मी गिटार तिच्या सामानात ठेवायला गेले. तिनं ती हातात घेतली आणि तिच्या जुन्या सवयीनं दणक्यात हात मारला. सगळ्या तारा एकदम खडखडल्या. मी हळू वाजवणारी, ती धसमुसळी. एवढ्या खाली आणलेल्या तारांना तिचा हात सोसेना. मी घाईनं चावी काढली.

"थांब गं, वर घिऊन देते."

"नको," तिनं माझा हात धरला. "ही आता तुझ्या हाताची झाली. मी तिकडं दुसरी घेईन."

मुलगी सासरी निघाली होती, बायका डोळे पुसत होत्या, आणि मीही रडत होते, खोटं कशाला सांगू. पण गिटार घरीच राहतेय म्हणून आतून मी उड्या मारत होते, आणि गाडीच्या काचेतून ती माझ्याकडं बघून हसली, तेव्हा तिला ते कळलंय हे मला दिसलं.