टेकडीकडे तोंड केलेला भोंगा

ताराबाई बोलायला लागली की समोरचा माणूस सरळ होऊन बसे. अंगणवाडीतली पोरं बसत, तसे पोरांचे बापही. तिची आई विठाबाई जन्मभर हणमंतरावांच्या शेतात निंदायला गेली आणि त्यांना मालक म्हणत म्हणत मेली. तारा आदिलाबादला वसतिगृहात राहून मॅट्रिक झाली, गावात परत येऊन अंगणवाडीची बाई झाली आणि म्हाताऱ्याला तोंडावर ‘हणमंतराव’ म्हणू लागली. त्यांना ते कधीच पचलं नाही.

गाव टाकळधरा, भीमपुराच्या पुढे, पैनगंगेच्या तेलुगू मुलखाकडच्या काठाला लागून. काळी जमीन आणि जुनी घरं नदीच्या अंगाला. बौद्ध वस्ती नाल्याच्या अलीकडे, मुरमाच्या उंचवट्यावर, कारण तिथे राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पण गावात नसलेल्या दोन वस्तू त्या वस्तीत होत्या. एक सरकारी फोन. एक्स्चेंजवाल्याशी तेलुगूत बोलू शकणारी ताराबाईच, म्हणून तो तिच्या ओसरीत आला. दुसरा भोंगा, बायांच्या मंडळानं जयंतीसाठी घेतलेला. जयंतीला त्यावर गाणी लागत. एरवी ताराबाईचा आवाज: राकेल आलं आहे, पोलिओचा डोस आहे, कुणाची शेळी चुकली आहे. नाल्यापलीकडचं गाव ते सगळं ऐकून वागे, कबूल तेवढं करत नसे.

एका जयंतीला हणमंतरावांच्या घरी श्राद्ध होतं. गाणी बंद करा, असा निरोप आला. आणणाऱ्यानं निरोपाला शिवी जोडली, आणि मंडळाचं माइकचं काम बघणाऱ्या खुशालनं ती व्याजासकट परत केली. सांज होईतो दगड चालले. मग फौजदार आला, शांतता समिती बसली, आणि शांततेचे अध्यक्ष कोण? हणमंतराव. समझोता असा ठरला की भोंगा राहील, पण त्याचं तोंड टेकडीकडे. गावाकडे कधीही वळवायचं नाही. मंडळाच्या वतीनं ताराबाईनं सही केली.

“सही काऊन केली, बाई?” खुशालनं विचारलं. त्याच्या कपाळावर पट्टी होती.

“डोकं तुयंच फुटलं होतं ना, म्हणून.”

तेव्हापासून भोंगा टेकडीवरच्या मोरांना पोलिओच्या तारखा सांगू लागला. डोस चुकला की गावातल्या बाया नाला ओलांडून येत. “आमाले कळलंच नाही ना, बाई.”

“मोराईले सांगितलं होतं. तुमाले नाही बोलले ते?”

बाया हसत. हसून घरी जात. त्यातली एकही आपल्या नवऱ्याला म्हणाली नाही, की तो भोंगा परत इकडे वळवा.

मग एक श्रावण असा आला की नदी आधीच तुडुंब होती. ऐन दुपारी फोन वाजला. फोनवर ताराबाईचा धाकटा भाऊ दौलत. तो नदीच्या वरच्या अंगाला महाराष्ट्रात कारकून होता.

“ताई, वरतून धरणाचं पाणी सोडून राह्यले. इकडच्या गावाईत जीप फिरून राह्यली. तुमच्याकडं आलं काय कोणी?”

“आमची जीप दुसऱ्या राज्याची, बाबू. ते अजून निघाली नसंन.”

फोन ठेवून ती बाहेर आली. नदीचं पाणी नाल्यात उलटं चढत होतं आणि पायवाट बुडाली होती. पलीकडे जाऊन सांगणं शक्यच नव्हतं. वस्ती उंचावर, वस्तीला धोका नव्हता. धोका होता तो समझोता करून घेणाऱ्यांना.

“खुशाल, भोंगा फिरव.”

“समझोता आपणच मोडला असं होईन. ते त्याचीच वाट पाहून राह्यले, बाई. पुन्हा डोकी फुटतीन.”

“फुटाले डोकी तर राह्यली पाहिजे. चढ.”

खुशाल शिव्या देत खांबावर चढला. नट गंजला होता. दगडानं ठोकून ठोकून त्यानं एकदाचं ते तोंड गावाकडे वळवलं. ताराबाईनं माइक धरला. “गावातल्या लोकाईनं ऐका. मोठं पाणी येऊन राह्यलं. लेकरं, म्हातारे, जनावरं घेऊन शाळेकडं चढा.”

गाव हललं नाही. कुणाला पाण्याचं ऐकूच आलं नाही, ऐकू आला तो भोंगा. हणमंतरावांचा मुलगा उद्धव पाच-सहा जणांना घेऊन, काठ्या सरसावून वस्तीकडे निघाला, आणि नाल्याच्या काठाशी थबकला. पाऊलवाटेच्या जागी गढूळ पाणी फिरत होतं, त्यात कुणाचा तरी कडबा वाहत होता. ताराबाई माइकवर तेच तेच सांगत होती. काठ्या तिथेच टाकून ती माणसं ओरडत मागे पळाली.

म्हणजे तिच्या शब्दानं गाव वाचलं नाही, गाव वाचलं तिच्यावरच्या रागानं. घरं पडली, गुरं गेली, पण माणसं सगळी शाळेत पोचली. आणि माणूस मेलं नाही म्हणून काही घडलंच नाही, असं ठरलं.

पाणी ओसरल्यावर एक साहेब आला. गावाच्या एकीचं त्यानं कौतुक केलं आणि शांतता समितीला प्रशस्तिपत्रक दिलं. साहेबाची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी त्याच मांडवात, फौजदारासमोर, समिती बसली.

“तारा, तू वेळेवर बोलली, हे मी मानतो,” हणमंतराव म्हणाले. “पण करार मोडला. आज पाण्यासाठी फिरवला, उद्या जयंतीले फिरवसान. तोंड परत टेकडीकडं करून दे.”

“मी नाही करत, हणमंतराव. तुमच्या घरातलं कोणी चढवा अन् तुमच्या हातानं फिरवा. पुढच्या पाण्यात जिवंत राहाचं नसंन, तर फिरवा टेकडीकडं.”

उद्धव खाली बघत होता. कुणीच चढलं नाही. फौजदाराला जेवायची घाई होती. “झगडे की जड यही है,” तो म्हणाला आणि भोंगाच उतरवायला लावला. खुशालनंच तो उतरवून जीपमध्ये ठेवला. ठाण्यात जमा झाला तो झालाच.

पुढच्या पावसाळ्यात उद्धव ओसरीत येऊन उभा राहिला. बस म्हटल्याशिवाय तो बसला नाही, आणि ताराबाईनं बस म्हटलं नाही.

“बाई, दौलतभाऊचा फोन आला काय? पाण्याचं काई?”

“आला तर कळवीन.”

“बरं होईन.” तो वळला.

“उद्धव, नाला भरला असला तर कशानं कळवू, तेवढं सांगून जाय.”

त्यानं खांबाकडे पाहिलं. खांबावर तार लोंबत होती. मग तो नाला चढायच्या आत घरी गेला.