दीड किलोची भाची

वर्ध्याहून गाडी सुटली तेव्हा मी पहिल्यांदाच पुण्याला निघाले होते, आणि तेही हौसेनं नव्हे. धाकटी बहीण सुनीता तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला आठवा महिना होता. आई गेल्यामुळे माहेरचं म्हणायला मीच. शाळेतून रजा काढली आणि निघाले.

सकाळी स्टेशनवर तिचा नवरा प्रसाद घ्यायला आला. रिक्षा स्वारगेट मागं टाकून सिंहगड रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना इमारतींचे सांगाडे, मधूनच ज्वारीचा तुकडा, त्याच्या बांधावर संगणक शिकवणाऱ्या क्लासची पाटी. धायरीत शिरताना रस्ता खोदलेला. कडेला बसलेल्या एका आजोबांना प्रसादनं विचारलं, "पुढं रस्ता आहे का?"

"बिल्डिंगी हायेत. रस्ता यायचाय अजून," ते म्हणाले.

आम्ही सामान उचलून चालत गेलो.

दारात सुनीता उभी होती. पोट दिसत होतं, पण बेताचंच. मनगटं माझ्या वर्गातल्या मुलींसारखी, गळ्याची हाडं वर आलेली.

"अशी काय बघतेस ताई? मी पहिल्यापासून बारीकच आहे."

खरंच होतं ते. नोकरी लागल्यावर तर ती आणखी वाळली. सकाळी कंपनीची बस गाठायची म्हणून नाश्ता नाही, दुपारी संगणकासमोर चहा-बिस्किटं. "मैत्रिणी म्हणायच्या, काय फिगर आहे गं! मलाही बरं वाटायचं," ती म्हणाली. पुढं दिवस राहिले आणि सुरुवातीचे महिने उलट्यांतच गेले.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन एक जुडी सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) मागितली.

"सांबार उडप्याकडे मिळतं," भाजीवाल्या काकू शांतपणे म्हणाल्या. "इथं भाजी मिळते."

हे ऐकून सुनीता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्याच आठवड्यात दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि टेप लावून पोटाचं माप पुन्हा एकदा घेतलं.

"बाळ लहान आहे. दिवस राहिले तेव्हाच यांचं वजन फार कमी होतं, आणि नंतरही वाढायला हवं तेवढं वाढलं नाही."

"मी आता दुप्पट खाईन," सुनीता घाईनं म्हणाली.

"खा, जरूर खा. पण बाळ आईच्या अंगातल्या साठ्यावरही वाढतं, आणि तो साठा आधीपासून लागतो." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "कारणं इतरही असतात. सगळं स्वतःवर घेऊ नका."

तिनं ते स्वतःवरच घेतलं. रोज ताट पुढं ओढायची, चार घास झाले की डोळ्यांत पाणी यायचं.

मुलगी झाली. दिवस पूर्ण भरले होते, तरी वजन जेमतेम दीड किलो. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मला तिचा तळवा दिसला, माझ्या अंगठ्याएवढा.

शेजारच्या खाटेवर कसबा पेठेतली एक बाळंतीण होती, अंगानं चांगलीच भरलेली. तिचा मुलगा चार किलोंच्या वर. तिच्या सासूबाईंनी मला पेढा दिला. "आमच्या सूनबाई दोघांचं जेवल्या हो!" पण त्या बाळाची साखर सारखी उतरत होती. नर्स पुन्हा पुन्हा त्याच्या टाचेतून रक्त घ्यायची. संध्याकाळी सासूबाई बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आमचं जड म्हणून घोर, तुमचं हलकं म्हणून. मग नीट असतं तरी कुणाचं हो?"

त्यांचा नातू सावरला. आमच्या मुलीला जंतुसंसर्ग झाला आणि एका दुपारी ती गेली. प्रसादनं तिला पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून आणलं. सुनीतानं टॉवेलाची कड बाजूला केली, पुन्हा नीट लावली.

"काहून (का बरं) गं ताई?" तिनं विचारलं. पुण्यात आल्यापासून हा आपल्याकडचा शब्द तिच्या तोंडून गेलाच होता.

मी खाटेवर तिच्याजवळ बसले.

काही आठवड्यांनी मी तिला वर्ध्याला घेऊन निघाले. पुढचा विचार अंग भरल्यावरच करा, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. प्रसाद फलाटावर खिडकीचा गज धरून उभा होता. गाडी हलली तरी त्यानं गज लवकर सोडला नाही.

दौंडच्या पुढं नुसतं उघडं रान होतं. समोरच्या बाईंनी सुनीताच्या डोक्याला बांधलेला रुमाल पाहिला.

"बाळंतीण ना? लेकरू कुठंय?"

"राहिलं नाही," सुनीता म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

मला वाटत राहिलं, मुलीला दिवस गेले की आपण तिच्या पानाकडे बघू लागतो. त्याआधी ती इतकी वर्षं अर्धपोटी नोकरीला जाते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. उलट आपण कौतुकानं म्हणतो, नाजूक आहे आमची पोर.

मी डबा उघडला. तिनं आपण होऊन हात पुढं केला आणि पोळीचा तुकडा मोडला. भूक नव्हती, ते दिसत होतं. एकेक घास पाण्याबरोबर खाली ढकलत ती जेवत राहिली.