थोरल्याची रेघ

मॅडमनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा इथे कसा आला?"

डहाणूच्या आमच्या कॉलेजात, इतिहास विभागाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तक्ता टेबलावर मावत नव्हता, म्हणून त्याचं एक टोक मी हातात धरलं होतं. इंग्लंडमधल्या एका उमराव घराण्याची वंशावळ होती ती, नऊ पिढ्यांची. मॅडमचं बोट सहाव्या पिढीतल्या थोरल्या मुलावर होतं. त्याच्या नावाखाली मी 'सहावा अर्ल' असं लिहिलं होतं. अर्ल हा त्या घराण्याचा किताब. बाप गेला की मुलाकडे जायचा.

शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता. इंग्लंडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात माणसं जन्माच्या जोरावर कशी बसत, ते नुसतं वाचून कळत नाही, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून प्रत्येकाने एक घराणं घ्यायचं आणि उमराव घराण्यांच्या एका जाडजूड जुन्या इंग्रजी ग्रंथावरून त्याची वंशावळ काढायची. माझ्या वाट्याला आलेल्या पानांच्या झेरॉक्स मी शब्दकोश घेऊन महिनाभर वाचल्या. कोण जन्मला, कुणाशी लग्न केलं, कधी वारला, किताब कुणाकडे गेला, सगळं क्रमाने दिलेलं. मुलांना आकडे घातलेले. मुली शेवटी.

फक्त सहाव्या पिढीत घोटाळा होता. पहिला आकडा ज्या मुलाला दिला होता, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा एक मुलगा पार खाली, मुलींच्याही खाली, बारीक अक्षरात छापला होता. त्याला आकडा नाही, किताब नाही. बाप तोच, आईही तीच. मी सालं तीनदा तपासली. मग मला वाटलं, छापखान्यात ओळ खाली सरकली असणार. मी त्या मुलाला उचलून वर त्याच्या जागी ठेवलं, किताब दिला, आणि प्रस्तावनेत लिहिलं, 'मूळ ग्रंथात छपाईची एक चूक आढळली, ती मी दुरुस्त केली आहे.'

खरं सांगायचं तर त्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता. तीन वर्षांत दुसऱ्या कुणाची चूक मला सापडली, अशी ती पहिलीच वेळ.

"आईबापांच्या लग्नाचं साल बघितलंस?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. थोरला पाच वर्षांचा असताना झालं."

"आणि तरी तुला काही वाटलं नाही?"

मला काय वाटायला हवं होतं, तेच कळेना.

"अगं, तो लग्नाआधीचा आहे. अनौरस. त्याला किताब मिळत नाही. तो लग्नानंतर झालेल्या पहिल्या मुलाकडे गेला. छपाई बरोबर आहे."

"पण मॅडम, लग्न झालं ना पुढे? त्याच बाईशी?"

"झालं. पण मुलगा आधीचा."

अनौरस या शब्दाचा अर्थ मला माहीत होता. तो कुणाकुणाला लागतो, ते माहीत नव्हतं.

तो बुधवार होता. शनिवारी तोंडी परीक्षा, आणि बाइंड केलेली एक प्रत आधीच बाहेरच्या परीक्षकांकडे गेली होती. परत मागवायची सोय नव्हती. प्रकल्पात नापास म्हणजे पदवी अडकली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा ज्या चिकूच्या वाडीत कामाला जातात तिथे त्यांनी मी पदवीधर होणार हे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "घाईत झालं म्हणून सांग. मीही तेच सांगेन. थोडे गुण जातील, विषय संपेल. प्रस्तावनेतलं ते वाक्य मात्र… का लिहिलंस गं ते?"

बाहेर व्हरांड्यात माझी मैत्रीण उभी होती. ती धाकट्या डहाणूची, घरची बोट असलेली, आवाजही तसाच, लाटांवरून हाक मारल्यासारखा. "काय गो, तोंड का असं सुकवलेल्या बोंबलासारखं?"

मी तिला तक्त्यापुरतं सांगितलं. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "म्हणजे तुझा अर्ल बापाच्या वरातीत नाचला!"

शेजारच्या दोघीही हसल्या. मीही हसले. हसणं तोंडावर तसंच ठेवून मी पिशवी उचलली आणि स्टँडकडे निघाले.

माझ्या आईबाबांच्या लग्नाला मी होते. सहा वर्षांची.

आमच्या पाड्यावर यात विशेष काही नाही. दोघांचं जमतं, मोठी माणसं हो म्हणतात, घर सुरू होतं. लग्न म्हणजे मांडव, भात, गावाला जेवण, आणि लग्न लावणारी धवलेरी. हे सगळं जमेल तेव्हा होतं. कुणाचं दोन वर्षांनी, कुणाचं पंधरा. माझ्या एका काकाला हळद लागली ती त्याच्या मुलीच्याच मांडवात, कारण स्वतःचं लग्न झाल्याशिवाय मुलीचं लावता येत नाही. आधी त्याचं लागलं, मग तिचं. 'लग्नाआधीचं मूल' असं म्हणायला आमच्या बोलीत वेगळा शब्द असेल तर तो मी ऐकलेला नाही.

माझा भाऊ त्या लग्नानंतर वर्षभराने झाला. तलासरीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून मी हिशेब लावत होते. त्या ग्रंथाच्या नियमाने त्याला एक आकडा, आणि मी खाली, बारीक अक्षरात. मी मुलगी, मला तसंही शेवटीच टाकलं असतं, हे लक्षात यायला मला तलासरीपर्यंतचा रस्ता लागला.

घरी आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलू लागले आणि विचारलं, "तुमचं लगीन झालं तेव्हा मी काय करत होते?"

"काय करणार? रडत होतीस. नव्या फ्रॉकला हळद लागली म्हणून. धवलेरी गाणं सोडून तुला बघायची." आई हसली, मग माझ्याकडे नीट पाहून थांबली. "का?"

मी त्या घराण्याचं सांगितलं. मोठी जमीन, मोठा वाडा, माळ्याच्या मुलीबरोबर राहणारा अर्ल, पाच वर्षांचा मुलगा, मग लग्न, आणि त्या मुलाला वगळून सगळं धाकट्याला.

"लगीन झालं ना पण?" आईने विचारलं.

"झालं."

"मग पोराला काय झालं?"

मला समजावता येईना. बाबा अंगणात पाय धूत होते, ते तिथूनच म्हणाले, "त्या मांडवात पोरगा नव्हता काय? सगळ्यांनी बघितला असेल ना त्याला?"

"पुस्तकात नाही लिहिलेलं, बाबा."

"मग कसलं पुस्तक," बाबा म्हणाले आणि आत गेले.

आई शेंगा सोलत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुला कुणी काय बोललं?"

"नाही."

"तिथं आमचं नको सांगू. आमच्यात काय लाज नाय. पण त्यांना कळायचं नाय. तुझ्याकडे बघतील आणि भलतंच काय ते बघतील. पास हो आणि ये."

मी हो म्हटलं.

गुरुवार-शुक्रवारभर मी 'घाईत झालं, सर' हे तीन शब्द मनात म्हणत होते. म्हणायला सोपे होते. पण प्रत्येक वेळी मला वाटायचं की मी कुणाला तरी घाईत ढकलून देते आहे. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट कळत नव्हतं; नुसती भूक गेली होती.

शनिवारी उकडत होतं म्हणून वर्गाचं दार उघडंच ठेवलं होतं, आणि दाराशी आपली पाळी यायची वाट पाहणारी मुलंमुली. परीक्षक वयस्कर होते. आत मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. परीक्षकांनी माझी प्रत उघडली, पहिलंच पान वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "'मूळ ग्रंथात छपाईची एक चूक आढळली, ती मी दुरुस्त केली आहे.' वा! कोणती?"

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"सर, ते जरा घाईत…" मॅडम म्हणाल्या.

"तिला बोलू द्या. घाईत झालं का?"

मी फक्त हो म्हणायचं होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मान थोडी हलवत, म्हण, म्हण. आईला मी शब्द दिला होता. दोन दिवस घोकलेलं सगळं तोंडाशी होतं, आणि मी म्हणाले, "नाही सर. मी तीनदा तपासलं होतं."

"तीनदा तपासून चुकलं?"

"मला ती चूक वाटलीच नाही, सर. आमच्याकडे… लग्न नंतर होतं. माझ्या आईबाबांचं झालं तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला आठवतं ते. म्हणून त्या सालांत मला काही वेगळं दिसलं नाही."

दाराशी आवाज बंद झाला. मी मागे वळून पाहिलं नाही. मॅडमनी मान खाली घातली. आई म्हणाली होती तसं आता हे लोक भलतंच काही बघत असतील, असं वाटलं. उठून जावं का, असंही वाटलं.

परीक्षकांनी तक्ता स्वतःकडे फिरवून घेतला. "स्कॉटलंडचा कायदा वाचलास?"

"नाही सर."

"तिथला जुना कायदा वेगळा. आईबापांनी पुढे लग्न केलं की आधीची मुलंही औरस. इंग्लंडची हद्द ओलांडून वर गेलं की नियम बदलायचा."

हे मला लगेच कळलं. तलासरीच्या पुढे गुजरात लागतं. इथे रस्त्यावर पाटी लावून विकतात ती दारूची बाटली तिथे पिशवीत सापडली तर माणूस आत जातो. हद्दीजवळ राहणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. क्षणभर मला वाटलं, सुटले.

"हे घराणं स्कॉटलंडचं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. इंग्लंडचं."

"मग तक्ता?"

"चूक."

"आणि छपाई?"

"बरोबर आहे, सर."

"दहा गुण कापतो. पुराव्यात काय आहे ते न बघता तू तिथे आपलं घर बघितलंस. का बघितलंस ते समजलं, पण ते चालत नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला चारची गाडी आहे. स्टेशनला निघायच्या आत नवा तक्ता आणून दे. तो बघितल्याशिवाय प्रकल्पावर सही करणार नाही."

दीड वाजला होता. नऊ पिढ्या. त्या मोठ्या तक्त्याला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या.

मी धावत जाऊन कागद आणला आणि ग्रंथालयाच्या फरशीवर पसरला. पंख्याने त्याचे कोपरे उडत होते. दाराशी ऐकत उभी असलेली मैत्रीण मागोमाग आली, चप्पल काढली आणि कागदावर दोन्ही कोपरं टेकून बसली. जुना तक्ता बघून ती एकेक साल वाचायची, मी लिहायची. तिसऱ्या पिढीपर्यंत असंच चाललं.

मग ती म्हणाली, "मी ते वरातीचं बोलले…"

"बोललीस."

"मला काय माहीत गो?"

"मी सांगितलं नव्हतं."

तिने पुढचं साल वाचलं. मी लिहिलं. "फ्रॉक कुठला घातलेलास तू? लग्नात?"

"पिवळा."

"आधीपासून पिवळा, की हळदीने झाला?"

मला हसू आलं आणि पेन हलला. बरं झालं, रेघ नव्हती मारत. "वाच पुढे," मी म्हटलं, "तीन वाजतील."

सहाव्या पिढीला आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. अशा मुलासाठी वंशावळीत तुटक रेघ मारतात. किताब धाकट्याच्या नावाखाली लिहिला, आकडे ग्रंथात होते तसे घातले. थोरला राहिला. मी पट्टी ठेवली आणि एकेक तुकडा मारत खाली आले, बापापासून त्याच्यापर्यंत. मला ते आवडलं नाही. पण त्या लोकांनी त्याच्याशी तसंच केलं होतं, आणि सलग रेघ मारून मी ते बदलू शकत नव्हते. नाव मात्र मी बारीक अक्षरात लिहिलं नाही. बाकीच्यांएवढंच लिहिलं. बारीकच लिहायचं असा काही नियम नाही, हे मी मॅडमना आधी विचारून घेतलं होतं.

सव्वातीनला परीक्षक व्हरांड्यात पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी तक्ता भिंतीला लावायला सांगितला, सहाव्या पिढीवर नजर फिरवली, सही केली आणि रिक्षात बसले. पास, की बरे, की चांगले, काही बोलले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "पास आहेस. जा आता, जेव काहीतरी."

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई विहिरीवरून येत होती. माझ्याकडे बघूनच तिने हंडा खाली ठेवला.

"बोललीस तू."

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"दार उघडं होतं."

आईने हंड्याच्या काठावरचं पाणी हाताने पुसलं. "मग? काय म्हणाले?"

"पास केलं. दहा गुण कापले."

"आमच्यामुळे?"

"नाही गं. तक्ता चुकला होता म्हणून."

"नक्की?"

"नक्की. मीच चुकवला होता."

"मग बरोबर कापले," आई म्हणाली, आणि हंडा डोक्यावर चढवायला माझा हात मागितला.