पासष्टची स्क्रीन

"ह्यो माजा बाप न्हाई," भामाबाई म्हणाल्या.

हँडबिलाचा पहिला कागद नुकताच मशीनवरून उतरला होता. वर ठळक अक्षरांत 'हरवले आहेत', खाली फोटो. फोटोतला फेटा ओळखू येत होता. फेट्याखाली नुसता काळा डाग.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी नगरच्या एका छापखान्यात ब्लॉकमेकर होतो. भामाबाई पाथर्डीकडच्या. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या होत्या, म्हातारे वडीलही सोबत होते. परतताना नेवाशाला गाडी बदलायची होती, त्या गर्दीत वडील चुकले. त्यांना ऐकू जवळजवळ येत नव्हतं. गावाचं नाव कधी आठवे, कधी नाही. चार दिवस शोधून झाल्यावर कुणीतरी सुचवलं, फोटो छापून एस.टी. स्टँडवर लावा.

फोटो एकच होता, लग्नातला ग्रुप फोटो. त्यात म्हाताऱ्याचा चेहरा चिंचोक्याएवढा.

"डाव्या गालावर चामखीळ हाय," भामाबाईंनी मला तीनदा सांगितलं. "तेवढीच खूण. बाकी समदे म्हातारे सारखेच दिसत्यात."

फोटो छापखान्यात जसाच्या तसा छापता येत नाही. शाई एकतर लागते, नाहीतर लागत नाही. मधला करडा रंग नसतोच. म्हणून कॅमेऱ्यात बारीक जाळी आखलेली काच ठेवून फोटोचे ठिपके करायचे. मोठा ठिपका म्हणजे गडद, लहान म्हणजे फिका. त्या काचेला आम्ही स्क्रीन म्हणायचो. एका इंचात पासष्ट ठिपके पडले तर पासष्टची, एकशेवीस पडले तर एकशेवीसची. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर अ‍ॅसिडनं कोरले की झाला ब्लॉक.

मी मुंबईहून काम शिकून नुकताच आलो होतो. चामखीळ बारीक, तेव्हा ठिपकेही बारीक हवेत, असं मी ठरवून टाकलं आणि एकशेवीसची लावली. गुळगुळीत आर्ट पेपरवर प्रूफ काढलं. सुरेख आलं. चामखीळ स्पष्ट. भामाबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि डोळे पुसले. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आणि आता हा डाग.

मालक आत आले. कागद हातात घेतला. "हे काय? कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत मशीनमन दाऊदभाई म्हणाले, "शाई जास्त झाली साहेब, माझ्याकडून. दुसरा ब्लॉक करून घेतो."

"जस्त काय झाडाला लागतं का? तीनच्या गाडीनं हँडबिलं गेली पाहिजेत," म्हणून मालक निघून गेले.

चूक माझी होती. तेव्हाच बोलायला हवं होतं.

दाऊदभाईंनी मला एका शब्दानं टोकलं नाही. काडेपेटीतली काडी शाईत बुडवली. एक ठिपका आर्ट पेपरवर ठेवला, दुसरा हँडबिलाच्या स्वस्त कागदावर. पहिला जागच्या जागी राहिला. दुसरा बघता बघता पसरला.

"हा कागद शाई पितो, सुधाकर. तुझे ठिपके इतके खेटून, पसरले की एकमेकांत मिसळणारच. पासष्टची लाव."

"पण मग अख्खी चामखीळ एका ठिपक्यात गडप होईल."

"तर चेहरा मोठा कर. अंगरखा कशाला छापतोस? अंगरखा बघून कोण ओळखणार आहे?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. इंचात ठिपके पासष्टच पडणार. पण चेहरा अर्ध्या इंचाचा असेल, तर त्याच्या वाट्याला बत्तीस-तेहतीस येतात. तोच तीन इंचांचा केला, तर एकशे पंच्याण्णव. मूळ फोटोत नव्हतं ते मात्र मोठं करूनही मिळालं नाही. डोळे पुसट झाले, मिशी नुसती पट्टी झाली. चामखीळ फोटोत होती, ती राहिली.

नवा ब्लॉक मशीनवर चढला. कागद हातात आला आणि माझा धीरच सुटला. "दाऊदभाई, हे तर नुसते ठिपके दिसतायत."

त्यांनी कागद घेतला, दारापाशी जाऊन दोन्ही हातांनी धरला. "बाई, तुम्ही तिकडं भिंतीजवळ उभ्या राहा. आता बघा."

भामाबाईंनी पाहिलं. "तात्या," एवढंच म्हणाल्या.

तीनच्या गाडीनं हँडबिलं गेली. दोन दिवसांनी शिंगणापूरच्या एका दुकानदाराचा निरोप आला. माल आणायला तो नेवाशाला गेला होता, तिथं स्टँडवर त्याला हा चेहरा दिसला. त्याच्या दुकानासमोर एक बहिरा म्हातारा आठवडाभर यात्रेकरूंना पाणी देत बसला होता.

भामाबाई वडिलांना घेऊन छापखान्यात आल्या. म्हाताऱ्यानं हँडबिल बराच वेळ न्याहाळलं. "ह्यो कोन?" त्यानं विचारलं. भामाबाई आधी हसल्या, मग रडल्या. माझ्या पाया पडायला वाकल्या, तेव्हा मी मागं सरलो आणि दाऊदभाईंकडे बोट दाखवलं.

मग मालकांच्या खोलीत जाऊन खरी चूक कुणाची ते सांगितलं.

"ठाऊक होतं," त्यांनी मानही वर केली नाही. "दाऊदच्या मशीनवर शाई कधी जास्त होत नाही."

पुढं ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, ठिपक्यांना पिक्सेल म्हणू लागले. फोटो किती रेझोल्यूशनचा आहे ते पोरं अभिमानानं सांगतात. मी दोनच गोष्टी विचारतो. दिसणार कशावर? आणि बघणारा उभा किती लांब? हे प्रश्न दाऊदभाईंचे. आयुष्यभर मी ते माझे म्हणून खपवले. आज त्यांच्या नावावर करतो.